लाईटबिलातल्या ओळी आल्या कुठून?

आमच्या अंबाजोगाईच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराशी एक वाकवलेली तार टांगलेली आहे. आईने तिच्यात वर्षानुवर्षांची लाईटबिलं ओवून ठेवलीत. तळाची बिलं ‘महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळा’ची, पिवळी पडलेली, जेमतेम चार-पाच ओळींची. वरची महावितरणची. त्यांत स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क अशी लांबलचक रांग. बिल वाढलं की आई विचारते, “मुंबईत म्हणे कंपनी बदलता येते, मग आपल्याला का नाही?” तिच्या प्रश्नाचं उत्तर त्या तारेतच आहे.

मुंबईत विजेचे परवाने आधीपासूनच वेगवेगळ्या हातांत होते. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ सालचं. उपनगरांत दोन कंपन्यांचे परवाने एकमेकांवर चढलेले होते, म्हणजे एकाच भागात दोघींनाही परवाना. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटांचा घरगुती ग्राहकांना वीज विकण्याचा हक्क मान्य केला आणि तिथल्या माणसाला निवड मिळाली. आपल्याकडे चढायला दुसरा परवानाच नव्हता. मराठवाडा १९४८ साली निजामाच्या राजवटीतून सुटला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. त्याच वर्षी २० जूनला विद्युत मंडळ स्थापन झालं. वीज बनवायची त्याने, वाहून आणायची त्याने आणि घरात सोडायचीही त्यानेच. विकणारा एकच, मग बिलावर ओळी तरी किती असणार?

परळीचं औष्णिक केंद्र १९७१ मध्ये सुरू झालं. कोळसा रेल्वेने लांबून यायचा, पाणी मात्र इथलंच, आणि दुष्काळात ते आटलं की संच बंद. २०१३ आणि २०१५ साली तेच झालं. केंद्राच्या चिमण्या दिसतात त्या गावांतही लाईट जायची, याचा राग इकडे अजून आहे. पण परळीची वीज परळीची नसते, ती राज्याच्या जाळ्यात जाते. कोळसा किंवा बाहेरून घेतलेली वीज महागली की फरक नंतर वसूल होतो, तो इंधन समायोजन आकार. मागच्या महिन्यापेक्षा युनिट कमी आणि बिल जास्त असं कधी झालं, तर आधी ही ओळ बघावी.

वहन आकाराचा जन्म मात्र कायद्यातला. २००३ च्या वीज कायद्याने तार वेगळी आणि तारेतली वीज वेगळी मानली. ६ जून २००५ ला मंडळाचे तुकडे झाले: महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आणि वर एक सूत्रधारी कंपनी. १ मेगावॅटच्या वरचा ग्राहक वीज दुसरीकडून घेऊन महावितरणला फक्त तारेचं भाडं देऊ शकतो. भाडं द्यायचं तर ते आधी वेगळं मोजायला हवं! जालन्याच्या लोखंड कारखान्यांना हे दार उघडं आहे, तेही फुकट नाही. शेतीपंपाची वीज खर्चापेक्षा स्वस्त दिली जाते, तो खड्डा उद्योगांच्या जादा दरातून भरतो. म्हणून बाहेर जाणाऱ्याला क्रॉस सबसिडीचा अधिभार भरावा लागतो. हरित विजेसाठी ही मर्यादा २०२२ मध्ये १०० किलोवॅटवर आली. आमच्या घराचा मंजूर भार २ किलोवॅट.

आता आईचं परवाचं बिल. मागील रीडिंग ८४१२, चालू ८५४७, म्हणजे १३५ युनिट. पहिली १०० स्वस्त दराने, उरलेली ३५ पुढच्या टप्प्याच्या दराने. सगळी १३५ महाग टप्प्यात जातात हा समज घरोघरी आहे, तो चुकीचा. वहन आकार मात्र सगळ्या १३५ युनिटांवर. या आकारांच्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क, ते सरकारला जातं. दर महावितरण मनाने ठरवत नाही, ते राज्य वीज नियामक आयोग ठरवतो. हा आयोग १९९९ पासूनचा.

मराठवाड्यात ‘आकडा’ म्हटलं की बिलावरची रक्कम नंतर आठवते, तारेवर टाकलेला हूक आधी. २००५ नंतरच्या टंचाईत फीडरची, म्हणजे एकेका भागाला वीज पुरवणाऱ्या वाहिनीची, गळती आणि वसुली बघून लोडशेडिंगचे गट पडले. आमच्याकडची बरीच गावं तळाच्या गटांत होती. नियमाने बिल भरणारा माणूसही शेजाऱ्याच्या आकड्यापायी अंधारात बसायचा. माझ्या मते हा सरळ अन्याय होता.

एकदा औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, कंपनी बदललीही. मे २०११ मध्ये शहराचं वितरण जीटीएल या खासगी फ्रँचायझीकडे गेलं, नोव्हेंबर २०१४ मध्ये महावितरणने ते परत घेतलं. पण ती निवड नव्हतीच. दर आयोगाचेच, ग्राहकाला कुणी विचारलं नव्हतं, फक्त वसुलीला येणारा माणूस बदलला.

राहिलं छत. फेब्रुवारी २०२४ च्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे. आमच्या शेजारच्या काकांनी पॅनल बसवले. उन्हाळ्यातलं बिल घेऊन ते आईकडे आले, चष्मा पुसत म्हणाले, “वहिनी, युनिट शून्य, तरी हे पैसे कसले?” आईने बिल उजेडाला धरलं आणि बोट ठेवलं: स्थिर आकार.