'समकालीन' कविता मिळून वाचण्याची पार्श्वभूमी

कविता ऐकण्याची सवय मराठी माणसाला शतकानुशतकांची आहे. कविता समोर ठेवून चारचौघांनी तिच्यावर बोलायची सवय मात्र फार उशिरा लागली. कीर्तनात अभंगाचे निरूपण होई, पण ते बुवा करीत. १८२८ मध्ये रत्नागिरीत ग्रंथालय सुरू झाले, पुढे गावोगावी वाचनालये आणि व्याख्यानमाला आल्या. तिथेही बोलणारा एक, ऐकणारे अनेक. १९२३ च्या सुमारास पुण्यात काही कवी रविवारी चहाला जमून एकमेकांना नव्या कविता ऐकवू लागले. त्यातून काव्यगायनाची लाट आली आणि सभागृहे भरली, पण चर्चा त्या बैठकीपुरतीच राहिली.

मिळून वाचण्याची खरी गरज नवकवितेने, म्हणजे चाळीसच्या दशकात आलेल्या नव्या वळणाच्या कवितेने, निर्माण केली. १९४७ च्या एका संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला, त्यात कवी निर्दोष सुटला. 'दुर्बोध' हा शिक्का मात्र अनेक वर्षे पुसला गेला नाही. साठच्या दशकात मुंबईतली तरुण मंडळी स्टेन्सिल कापून, सायक्लोस्टाइलवर (प्रती काढण्याच्या साध्या यंत्रावर) अंक काढू लागली. अंक निघायला ठरलेली तारीख नसे, म्हणून 'अनियतकालिके'. मोजक्या प्रती हातोहात फिरत आणि प्रतीबरोबर वादही फिरे. कविता मिळून वाचणाऱ्या आजच्या वाचनगटांचे मूळ सभागृहांपेक्षा या हातोहात फिरणाऱ्या प्रतींत आहे, असे मला ठामपणे वाटते.

१९७२ मध्ये कामाठीपुऱ्याच्या परिसरातून आलेल्या एका संग्रहाने मिळून वाचण्याची ही गरज अधिक स्पष्ट केली. त्याला प्रस्तावना लिहिणाऱ्या नामवंत नाटककाराने, यातले कित्येक शब्द आपल्याला कळले नाहीत, हे तिथेच मोकळेपणी सांगितले. मराठी एकच नाही आणि कोणत्याही एका वाचकाजवळ ती सगळी नसते, हे त्या कबुलीने छापील नोंदले गेले. गटात वस्तीतला, कोकणातला, खानदेशातला माणूस असला की एखादी ओळ अचानक उघडते, ती याच कारणाने.

'समकालीन' या शब्दाचा गुंता नव्वदनंतर वाढला. १९६० नंतरच्या साहित्याला 'साठोत्तरी' हे नाव आधीच रुळले होते. त्याच चालीवर 'नव्वदोत्तरी' आले आणि १९९१ च्या आर्थिक धोरणाशी, जागतिकीकरणाशी जोडले गेले. महानगरातल्या कवितेला हे माप बसते. आदिवासी कवितेला, बायकांच्या कवितेला, कोरडवाहू शेतीतून आलेल्या कवितेला ते नीट बसत नाही; त्यांची वळणे वेगळ्या वर्षी, वेगळ्या कारणांनी आली. तरीही कित्येक गटांच्या याद्या १९९० पासूनच सुरू होतात. कोणी 'हयात कवी' हा निकष लावतात, पण मग कवीच्या निधनाबरोबर त्याची कविता एका रात्रीत जुनी होते. कोणी शेवटच्या दहा वर्षांतले संग्रहच घेतात. मला यातला एकही निकष पटत नाही. ज्या कवितेतला प्रश्न वाचणाऱ्यांच्या आज अंगावर येतो ती समकालीन, असे धरले तर यादी करणे अवघड होते, पण चर्चा जिवंत राहते.

२०२० च्या टाळेबंदीत बैठका झूमवर गेल्या आणि नागपूर, पणजी, न्यू जर्सी इथले वाचक एका पडद्यावर आले. कविता आता व्हॉट्सॲपवर आधी येते, पुष्कळदा कवीच्या नावाशिवाय आणि ओळी मोडून. त्यामुळे मूळ छापील पान मिळवून, ओळी पडताळून मगच बोलायला बसण्याची पद्धत काही ठिकाणी सुरू झाली आहे. १९७२ चा तो संग्रह यादीत घ्यायचा की नाही, यावर मात्र अजून एकमत नाही.