डिझेल इंजिनातील व्हॉल्व्हच्या वेळा : पार्श्वभूमी

इंदूरच्या ट्रान्सपोर्ट नगरात ट्रकचे टॅपेट सेट करणारा कारागीर फिलर गेजची पातळ पत्ती रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा दांडा) आणि व्हॉल्व्हच्या, म्हणजे सिलिंडरच्या झडपेच्या, दांडीमध्ये सरकवतो, ती किंचित अडखळत सरकली की नट आवळतो आणि पुढच्या सिलिंडरकडे वळतो. त्याच्या हातात असते ती केवळ फट. व्हॉल्व्ह केव्हा उघडायचा, किती उघडायचा आणि केव्हा मिटायचा, हे कॅमशाफ्ट या फिरत्या दांड्यावरच्या उंचवट्यांच्या (कॅमच्या) आकाराने कारखान्यातच ठरून गेलेले असते. गाडी घाट चढत असो की सिग्नलला उभी असो, त्यात बदल होत नाही. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन 1897 साली आउग्सबुर्ग येथे यशस्वी ठरले, त्यानंतर सुमारे शंभर वर्षे रस्त्यावरच्या डिझेल इंजिनांची हीच रीत राहिली.

पेट्रोल इंजिनांनी ही रीत आधी मोडली. अल्फा रोमिओने 1980 साली आणि होंडाने 1989 साली व्हॉल्व्हच्या वेळा बदलणारी इंजिने बाजारात आणली. डिझेलला तेव्हा त्याची निकड नव्हती, कारण त्याची शक्ती पेट्रोल इंजिनासारखी हवा अडवून नव्हे, तर इंधन कमीजास्त करून ठरते, आणि त्यामुळे हवा ओढण्यात वाया जाणारी ताकद मुळातच थोडी असते. शिवाय दाबाचे प्रमाण, म्हणजे सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते ते, मोठे असल्याने वर आलेला पिस्टन व्हॉल्व्हच्या अगदी जवळून जातो. वेळ थोडी जास्त सरकली तर दोघांची टक्कर होण्याचा धोका असतो.

कल्पना मात्र जुनी होती. राल्फ मिलर यांना 1957 साली पेटंट मिळाले, त्याचा गाभा असा की हवा आत घेणारा (इनटेक) व्हॉल्व्ह नेहमीपेक्षा लवकर किंवा उशिरा मिटवावा. त्यामुळे हवा दाबण्याचे अंतर कमी होते, पण तापलेल्या वायूच्या प्रसरणाचे अंतर तेवढेच राहते, आणि कमी पडलेली हवा टर्बो, म्हणजे हवा दाबून आत ढकलणारा पंखा, भरून काढतो. ज्वलनाचे कमाल तापमान उतरते. दुसरी वाट उतारावरून आली. क्लेसी कमिन्स यांनी शोधलेला आणि 1961 पासून जेकब्स कंपनीने विकलेला इंजिन ब्रेक, दाबलेली हवा सुटावी म्हणून पिस्टन वर येताच धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो, आणि इंजिनच गाडीला मागे खेचू लागते. आग्रा-मुंबई रस्त्यावर मानपूरच्या पुढे गणपती घाट भरल्या ट्रकने उतरलेल्या चालकाला या शोधाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. कॅमने ठरवलेल्या वेळेबाहेर व्हॉल्व्ह हलवता येतो, हे ट्रकच्या इंजिनात याच यंत्रणेने सिद्ध केले.

खरी निकड कायद्याने निर्माण केली, आणि माझ्या मते या इतिहासाचे मर्म इथेच आहे. अवजड वाहनांसाठी धुरातील नायट्रोजन ऑक्साइड या प्रदूषक वायूंची मर्यादा बीएस-4 या भारतीय उत्सर्जन मानकात दर किलोवॉट-तासाला 3.5 ग्रॅम होती. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 मध्ये ती बदलत्या भाराच्या चाचणीत 0.46 ग्रॅमवर आली. हे साधण्यासाठी एक्झॉस्टमध्ये युरियाचे द्रावण फवारून हे वायू निकामी करणारा एससीआर बसवावा लागला, पण त्याला साधारण 200 अंशांची ऊब लागते. थंडीच्या पहाटे इंदूरच्या चोइथराम मंडईतून निघून चौकाचौकात थांबणाऱ्या ट्रकचे इंजिन हलक्या भारावर चालते, त्याचा धूर थंड असतो आणि एससीआर पुरेसे काम करत नाही. शहराच्या हवेला जिथे सर्वाधिक गरज, नेमका तिथेच तो मंदावतो.

या अडचणीवरचा उपाय व्हॉल्व्हपाशी सापडला, आणि तिथली तयारी आधीच सुरू झाली होती. कॅटरपिलरने 2003च्या सुमारास आपल्या ट्रक इंजिनांत इनटेक व्हॉल्व्हची वेळ बदलण्याची सोय दिली. मित्सुबिशीने 2010 साली प्रवासी कारच्या डिझेलमध्ये अशी यंत्रणा प्रथम आणली आणि दाबाचे प्रमाण 14.9 वर उतरवले. माझदाने 2012 मध्ये इंजिन गार असताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुन्हा थोडा उघडून गरम वायू सिलिंडरमध्ये परत घेतला. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लवकर उघडूनही धूर तापवता येतो, पण त्यासाठी जास्त डिझेल जळते. म्हणूनच सिलिंडर बंद ठेवण्याची पद्धत मला सर्वांत आशादायक वाटते : सहापैकी तिघांचे व्हॉल्व्ह मिटलेले राहतात, उरलेल्या तिघांवर भार वाढतो, एक्झॉस्ट तापतो आणि हलक्या भारावर इंधनही वाचते.

इंदूरपासून जवळच असलेल्या पीथमपूरमध्ये 2013 पासून व्होल्वो समूहासाठी मध्यम आकाराची इंजिने बनू लागली आणि त्यांत युरो-6 या युरोपीय मानकाची इंजिनेही होती. म्हणजे बीएस-6 देशात येण्याच्या कितीतरी आधी त्या तोडीची इंजिने या परिसरातील कामगारांच्या हातून बाहेर पडत होती. बदलत्या वेळांच्या अनेक यंत्रणा इंजिनच्या ऑइलच्या दाबावर, बारीक वाटांमधून चालतात, तेव्हा ठरलेल्या प्रतीचे ऑइल वेळेवर बदलण्याला आता अधिक महत्त्व आले आहे, आणि कारागिराच्या खोक्यात फिलर गेजच्या शेजारी इंजिनातील बिघाड वाचणारा इलेक्ट्रॉनिक स्कॅनरही ठेवावा लागतो.