नवस फेडायला आलेल्यांची रांग

संकष्टीला नागपूरच्या टेकडीच्या गणपतीसमोर रांग लागते, तिच्यात दोन तऱ्हेची माणसं असतात. काही मागायला आलेली, काही फेडायला आलेली. फेडायला आलेला हातात नारळ आणि पेढ्याचा पुडा घेऊन उभा असतो, आणि पुढच्या-मागच्याला आपण होऊन सांगतो की बाप्पा पावला. ताजबागेच्या दर्ग्यात चादर घेऊन आलेलाही तेच सांगतो. खोटं कुणीच बोलत नाही. पण मागूनही ज्याला मिळालं नाही, तो त्या रांगेत नसतो. तो घरी असतो, नाहीतर मेडिकलच्या, म्हणजे सरकारी रुग्णालयाच्या, वॉर्डाबाहेर चटई टाकून बसलेला असतो.

ही गोष्ट इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातल्या डायगोरस नावाच्या ग्रीक माणसाच्या लक्षात आली होती, असं सांगतात. वादळातून वाचलेल्या खलाशांनी देवळात लावलेल्या नवसाच्या पाट्या त्याला कुणीतरी दाखवल्या. त्यावर त्याने विचारलं, नवस बोलूनही जे बुडाले त्यांच्या पाट्या कुठे आहेत? प्रार्थनेने फळ मिळतं का, हे तपासायला बसलं की पहिली अडचण हीच येते. मोजायला हाती लागतात ते फक्त वाचलेले.

विदर्भात याचं सगळ्यात लख्ख उदाहरण सिकलसेलचं आहे. हा आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा आजार, त्यात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. आई आणि वडील दोघेही वाहक असले, म्हणजे प्रत्येकाकडे आजाराचं एकेकच जनुक असलं, इकडे म्हणतात तसे दोघांचाही पॅटर्न ‘एएस’ असला, तर दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची, म्हणजे ‘एसएस’ पॅटर्नची शक्यता चारात एक असते. चारात दोन वेळा बाळ आई-वडिलांसारखं वाहक होतं आणि चारात एकदा पूर्ण मोकळं, म्हणजे ‘एए’. आता अशी शंभर जोडपी धरा, सगळ्यांनी मनापासून नवस बोललेला. सरासरीने पंचाहत्तर घरी आजार नसलेलं बाळ येईल. पंचाहत्तर कुटुंबं नवस फेडायला जातील, नातेवाइकांना सांगतील, आणि पुढच्या वाहक जोडप्याला तोच नवस सुचवला जाईल. नवस न बोललेली शंभर जोडपी घेतली तरी आकडा पंचाहत्तरच येतो, पण त्यांच्यातलं कुणी कुठल्या देवळाचं नाव घेत नाही.

उरलेल्या पंचवीस घरांकडे मात्र थांबून बघायला हवं. तिथे बाळ सहा महिन्यांचं झालं की अनेकदा हातापायांची बोटं सुजतात, ते रडत राहतं, आणि घरात कुजबुज सुरू होते. नवसात काही चुकलं का? सोवळं मोडलं का? बहुतेक वेळा बोट आईकडेच जातं. त्या आईला स्पष्ट सांगायला हवं की तिच्या प्रार्थनेत काही कमी पडलं नव्हतं. एक जनुक तिच्याकडून आलं आणि एक वडिलांकडून आलं. कुठलं जनुक उतरणार हे गर्भधारणेच्या क्षणीच ठरलं होतं. सहा महिने त्रास दिसला नाही, कारण जन्मतः बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन भरपूर असतं आणि ते लाल पेशीला विळ्यासारखी वाकू देत नाही. ते ओसरलं की दुखणं डोकं वर काढतं.

दुसऱ्या बाळाच्या वेळी पहिल्याचा हिशेब लागत नाही, हेही लक्षात असू द्या. एक मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुखरूप निघतील असं नाही. दर वेळी शक्यता नव्याने तीच, चारात एक. म्हणून रक्ताची चाचणी लग्न ठरवतानाच करावी. आधी सोल्युबिलिटी चाचणी करतात. थेंबभर रक्त मिसळल्यावर द्रावण गढूळ झालं, तर त्यात ‘एस’, म्हणजे सिकलसेलचं, हिमोग्लोबिन आहे एवढंच कळतं. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी, केल्याशिवाय ठरत नाही. पहिलाच कागद घेऊन घरी जाणं ही नेहमी होणारी चूक. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सोल्युबिलिटी चाचणी लावली, तर आजार असूनही नाही असं उत्तर येऊ शकतं. दोघंही वाहक असून दिवस राहिले असतील, तर साधारण 10 ते 12 आठवड्यांच्या सुमारास वारेचा छोटा नमुना घेऊन गर्भाचा पॅटर्न तपासता येतो. त्यासाठी दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना सांगावं लागतं.

आता दुखण्याकडे येऊ. सिकलसेलच्या दुखण्याची एक चाल असते. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकतात, हाडं आणि सांधे ठणकू लागतात, वेदना शिगेला पोचते आणि बहुतेक वेळा काही दिवसांत, आठवडाभरात ओसरते. माणूस देवाला साकडं घालतो ते वेदना शिगेला असताना. कुणी अंगारा लावतं, कुणी गंडा बांधतं, आणि दोन दिवसांनी उतार पडतो. त्या दिवशी काहीच केलं नसतं तरी उतार पडलाच असता. चढ-उतार असलेल्या प्रत्येक दुखण्यात हा भास होतो. संधिवात, दमा, अर्धशिशी, सगळीकडे. शिखरावर असताना जे काही कराल, त्याच्यानंतर उतारच असतो.

हा भास टाळायचा, तर रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतात. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासात सिकलसेलच्या 299 प्रौढांवर हेच केलं. सुमारे निम्म्यांना हायड्रॉक्सियुरिया, बाकीच्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली कॅप्सूल. कुणाला काय मिळतंय हे ना रुग्णाला माहीत, ना तपासणाऱ्या डॉक्टरला. औषध नसलेल्या गटात दुखण्याचे झटके वर्षाला मध्यकाने, म्हणजे अगदी मधल्या रुग्णाला, 4.5 आले आणि औषधाच्या गटात 2.5. फायदा इतका उघड होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवला. हे औषध गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवतं. त्याचा गुण यायला तीन ते सहा महिने लागतात, मात्रा वजनावर ठरते, आणि रक्तपेशी उतरत नाहीत ना हे पाहायला ठरल्या वेळी सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजणारी चाचणी, करावी लागते. बिघडतं ते इथे: चौथ्या महिन्यात बरं वाटू लागतं, त्याच सुमारास नवस फेडला जातो, श्रेय नवसाला जातं आणि गोळी बंद होते. मग झटके परत येतात.

प्रार्थनेलाही हीच कसोटी लावली गेली आहे. 1872 साली फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने एक साधा प्रश्न विचारला. इंग्लंडच्या राजघराण्यासाठी तर देशभर दर रविवारी प्रार्थना होते, मग ते जास्त जगतात का? त्याच्या कोष्टकात राजघराण्यातल्यांचं सरासरी आयुष्य 64 वर्षं निघालं, जमीनदार घरांतल्यांचं 70. तुलना ढोबळ होती, पण प्रश्न रास्त होता. 1988 साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या हृदयरुग्णांच्या अभ्यासात 393 जणांपैकी निम्म्यांसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली. 26 तऱ्हेच्या अडचणी मोजल्या, त्यांपैकी 6 प्रार्थनेच्या गटात कमी दिसल्या आणि बातमी जगभर गेली. पण मृत्यूंत किंवा दवाखान्यातल्या दिवसांत फरक नव्हता. शिवाय 26 स्वतंत्र गोष्टी मोजल्या, तर निव्वळ योगायोगाने निदान एकीत तरी ‘लक्षणीय’ फरक दिसण्याची शक्यता 74 टक्के असते. ज्या सहा गोष्टी कमी दिसल्या, त्या स्वतंत्रही नव्हत्या. हृदय कमी पंप करू लागलं की लघवी वाढवणारं औषध द्यावंच लागतं. एकच फरक दोनदा मोजला जातो.

सगळ्यात काळजीपूर्वक केलेला अभ्यास 2006 साली आला. अमेरिकेतली सहा रुग्णालयं, बायपासचे 1,802 रुग्ण, तीन गट. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून 14 दिवस प्रार्थना. प्रार्थना करणाऱ्यांना रुग्णाचं नाव आणि आडनावाचं पहिलं अक्षर एवढंच दिलेलं. पहिल्या दोन गटांना सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही. ज्यांच्यासाठी झाली त्यांच्यातल्या 52 टक्क्यांना महिन्याभरात काही ना काही गुंतागुंत झाली, ज्यांच्यासाठी झाली नाही त्यांच्यातल्या 51 टक्क्यांना. तिसऱ्या गटाला ‘तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होते आहे’ असं सांगितलं होतं, आणि त्या गटात गुंतागुंत 59 टक्क्यांना झाली. हा योगायोगही असू शकतो, असं संशोधकांनीच म्हटलं. एक शक्यता मात्र विचार करण्याजोगी आहे: आपल्यासाठी माणसं प्रार्थनेला बसवली म्हणजे आपली तब्येत फारच नाजूक असणार, अशी धास्ती रुग्णाने घेतली असेल. नागपुरात धंतोलीतल्या दवाखान्यांच्या कुठल्याही अतिदक्षता विभागाबाहेर ऐकू येणारं वाक्य आठवा, ‘अख्खं गाव तुमच्यासाठी देव पाण्यात घालून बसलंय.’ सांगणाऱ्याचा जीव त्यात असतो, ऐकणाऱ्याच्या पोटात मात्र गोळा येऊ शकतो. त्यापेक्षा रुग्णाचा हात हातात घेऊन ‘आम्ही इथंच आहोत’ म्हणावं.

या अभ्यासाची मर्यादाही नीट सांगायला हवी. घरच्यांना प्रार्थना थांबवा असं कुणी सांगितलं नव्हतं, सांगताही आलं नसतं. म्हणजे मोजला गेला तो अनोळखी माणसांच्या जादा प्रार्थनेचा परिणाम, आणि तो दिसला नाही. देव आहे की नाही, याचं उत्तर या आकड्यांत नाही.

प्रार्थना करणाऱ्याच्या स्वतःच्या शरीरात काय होतं, हे मात्र मोजता येतं. इटलीत 23 निरोगी माणसांकडून जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम’ हा मंत्र म्हणवून घेतला. दोन्हींत श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला. रक्तदाबाची स्वतःची एक लहर साधारण दहा सेकंदांची असते. श्वास तिच्याशी जुळला की रक्तदाब सावरणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक चपळ होते. माळ ओढणाऱ्या आजीला हे करून बघता येईल: एका उच्छ्वासात नाम सावकाश म्हणायचं, मग शांतपणे श्वास घ्यायचा, दोन्ही मिळून दहा सेकंद. घाईने 108 उरकली तर श्वास उलट उथळ होतो.

आणि मागितलेलं मिळालं नाही, तेव्हा? अमेरिकेत 55 वर्षांवरच्या 596 रुग्णांचा दोन वर्षं मागोवा घेतला गेला, तो 2001 साली प्रसिद्ध झाला. ‘देवाने मला टाकलं का’, ‘देवाचं माझ्यावर प्रेम उरलं नाही का’ या विचारांत जे गुरफटले होते, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं, आजाराची तीव्रता हिशेबात घेऊनही. यावरून हा विचारच जीव घेतो असं सिद्ध होत नाही. पण ‘तुमची श्रद्धाच कमी पडली’ हे वाक्य रुग्णाच्या उशाशी उच्चारू नये, एवढं कळायला हा अभ्यास पुरेसा आहे. त्याला रडू द्यावं, देवाशी भांडू द्यावं. पंढरीला चालत जाणारा वारकरी मागण्यांची यादी घेऊन जात नाही. तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेला गावोगाव माणसं बसतात, तीही नवस बोलायला नव्हे. न मागता धरलेला विश्वास रिपोर्ट वाईट आला म्हणून तुटत नाही, आणि त्याच्यासाठी गोळीही सोडावी लागत नाही.

नवस बोलायचाच असेल, तर सिकलसेलच्या रुग्णाच्या अंगाला तो सोसतो का, हे आधी पाहावं. निर्जळी उपवास नको. पाणी कमी पडलं की पेशी वाकतात. प्रौढाला दिवसाकाठी साधारण तीन लिटर पाणी लागतं, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टर सांगतील तेवढं. कार्तिकातलं पहाटेचं थंड स्नान नको. नागपंचमीला पचमढीच्या नागद्वारची भिजत केलेली चढण नको. गारठा आणि दमणूक दोन्ही झटका आणतात. ताप 101 फॅरनहाइटवर गेला, छातीत दुखून दम लागला, एका बाजूचा हातपाय लुळा पडला किंवा लहान मुलाचं पोट डाव्या बरगडीखाली अचानक फुगलं, तर वाटेत कुठेही न थांबता मेडिकल किंवा मेयो हे सरकारी रुग्णालय गाठावं.

नवस रुग्णाऐवजी घरच्यांनी बोलावा, आणि तो रक्तदानाचा बोलावा. ‘एए’ पॅटर्नच्या, 18 ते 65 वयाच्या, 45 किलोंवर वजन आणि 12.5 वर हिमोग्लोबिन असलेल्या माणसाला एका वेळी 350 मिलिलिटर रक्त देता येतं. पुरुषाला तीन महिन्यांनी पुन्हा, स्त्रीला चार महिन्यांनी.