'ईव्हीएस' कॉलेजवाल्यांनी काढलंय का?

डिग्रीला 'ईव्हीएस' (एन्व्हायर्नमेंटल स्टडीज, म्हणजे पर्यावरण अभ्यास) नावाचा पेपर असायचा ना, रात्री अकराला झेरॉक्स आणून सकाळी लिहून टाकायचा तो. त्याच्याबद्दल एक समज फिरत असतो की हा कॉलेजवाल्यांनी फी आणि प्रोजेक्टच्या फायली गोळा करायला काढलेला उद्योग आहे. असं नाहीये हो.

याची सुरुवात कोर्टातून झालीय. एम. सी. मेहता नावाचे वकील (ताजमहाल आणि गंगा प्रदूषणाच्या केसेसवाले तेच) सुप्रीम कोर्टात गेले आणि 22 नोव्हेंबर 1991 ला कोर्टाने सांगितलं की शाळा-कॉलेजात पर्यावरण हा सक्तीचा विषय करा, वर थेटरात पर्यावरणाच्या स्लाइड फुकट दाखवा आणि दूरदर्शन-आकाशवाणीवर रोज पाच-सात मिनिटं द्या. आधार काय, तर घटनेतलं कलम 51A(g), म्हणजे निसर्ग जपणं हे नागरिकाचं कर्तव्य, आणि कर्तव्य पाळायचं तर आधी ते माहीत तर पाहिजे ना!

मग आपल्या सरकारी स्पीडने बरीच वर्षं गेली, 2003 मध्ये कोर्टाने परत कान उपटले तेव्हा कुठे गाडी हलली. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) डिग्रीच्या सगळ्या शाखांसाठी जे पुस्तक काढलं ते लिहिलं पुण्याच्या डॉ. एराक भरुचांनी, आणि त्यात फील्डवर्क मुद्दाम ठेवलेलं, जवळची नदी, टेकडी, कचरा डेपो स्वतः जाऊन बघा म्हणून.

आपण तेच फील्डवर्क गुगलवरून कॉपी मारलं, तो भाग वेगळा.