पार्ट-टाइम काम करत असताना बेकारी भत्ता: न्यू जर्सीतल्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

लेऑफ झालेले ग्राहक आमच्याकडे आले की एक प्रश्न हमखास विचारतात: "शनिवार-रविवारी दुकानात काम मिळतंय, पण ते घेतलं तर अनएम्प्लॉयमेंट बंद होईल ना?"

बंद होत नाही. न्यू जर्सीत पार्ट-टाइम काम करत असतानाही भत्त्याचा काही भाग मिळतो, आणि कमाई थोडी असेल तर पूर्ण भत्ताही मिळतो. हे ठाऊक नसल्यामुळे काही जण चालून आलेलं काम नाकारतात, तर काही जण काम घेतात आणि ते कळवत नाहीत. पहिल्या प्रकारात घरात येणारे पैसे कमी होतात. दुसऱ्या प्रकारात नंतर वसुलीचं पत्र येतं. दोन्ही टाळता येतं, म्हणून हे पत्रक. यातले आकडे २०२५ सालचे आहेत. दर जानेवारीत ते बदलतात.

आधी मनातला संकोच

आपल्याकडे बऱ्याच जणांना हा भत्ता घेणं म्हणजे सरकारपुढे हात पसरणं वाटतं. त्यांना आम्ही जुनी पे-स्टब, म्हणजे पगाराची पावती, काढायला सांगतो. त्यात कपातीच्या रकान्यात बेकारी विम्याची एक छोटी रक्कम दर पगाराला कापलेली दिसते. बहुतेक राज्यांत हा विमा फक्त मालक भरतो. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि अलास्का या तीन राज्यांत कामगारही भरतो. २०२५ मध्ये न्यू जर्सीतल्या कामगाराच्या पगारातून, वर्षाच्या पहिल्या ४३,३०० डॉलरवर, बेकारी विमा आणि प्रशिक्षण निधी मिळून ०.४२५ टक्के कपात होत होती. मालक भरतो ते वेगळं. वर्षानुवर्षं हप्ता भरलेल्या विम्याचा क्लेम करण्यात कमीपणा कसला?

कुणाला मिळतो

नोकरी गेलेल्यांना तर मिळतोच, पण ज्यांची नोकरी शाबूत आहे आणि मालकाने तास कमी केले आहेत त्यांनाही हा क्लेम करता येतो. हे फार कमी जणांना माहीत असतं. चाळीस तासांवरून वीस तासांवर आलेला माणूस "माझी नोकरी कुठे गेलीय?" म्हणून गप्प बसतो आणि महिने निघून जातात.

२०२५ मध्ये कमाईची अट अशी होती: शेवटच्या पाच पूर्ण तिमाह्यांपैकी पहिल्या चार तिमाह्यांत किमान २० आठवडे प्रत्येकी ३०३ डॉलर मिळवलेले असावेत, किंवा त्या काळातली एकूण कमाई १५,२०० डॉलर असावी. शिवाय काम करण्याची परवानगी तेव्हाही हवी आणि भत्ता घेत असतानाही हवी. ग्रीन कार्डवाले, नागरिक आणि चालू ईएडी (काम करण्याची परवानगी देणारं कार्ड) असलेले एच-फोरवाले, म्हणजे एच-वन-बीवाल्यांचे जोडीदार, यांना अडचण नसते. ईएडीची मुदत संपली तर मात्र त्या दिवसापासून तुम्ही कामाला उपलब्ध नाही असं धरलं जातं. एच-वन-बीवाल्यांची, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांची, गोष्ट वेगळी आहे. त्यांची परवानगी एकाच मालकाशी बांधलेली असते आणि नोकरी गेल्यावर हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात. त्यांनी दुकानात किंवा कुठेही दुसरं पार्ट-टाइम काम परस्पर धरू नये, आणि क्लेम करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलावं. तो सल्ला आम्ही देत नाही.

हिशोब

तुमच्या सरासरी साप्ताहिक पगाराच्या ६० टक्के हा तुमचा आठवड्याचा भत्ता असतो. त्याची कमाल मर्यादा २०२५ मध्ये ८७५ डॉलर होती. आयटीतल्या बहुतेकांना ही मर्यादाच लागू होते.

पार्ट-टाइम काम असेल तर भत्त्यात २० टक्के मिळवायचे आणि त्यातून त्या आठवड्याची कमाई वजा करायची. उरेल ती तुमची रक्कम, पण ती मूळ भत्त्यापेक्षा जास्त होत नाही.

समजा एका बाईंचा पगार आठवड्याला १,००० डॉलर होता. भत्ता झाला ६००. त्यात २० टक्के मिळवले की ७२०. आता त्यांनी आठवड्यात १२० डॉलर कमावले तर ७२० वजा १२०, म्हणजे ६०० पूर्ण मिळतील. ३०० कमावले तर ४२० मिळतील, ५०० कमावले तर २२०. कमाई ७२० झाली की त्या आठवड्याचा भत्ता शून्य.

हिशोबाला पक्के असलेले ग्राहक इथे लगेच विचारतात, "म्हणजे १२० च्या पुढे कितीही राबलो तरी एकूण ७२०च? मग जास्त काम कशाला करायचं?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शिलकीत आहे. पुरेसे आठवडे भरलेले असतील तर पूर्ण क्लेम २६ आठवड्यांचा असतो. या बाईंच्या नावावर एकूण १५,६०० डॉलर. आठवड्याला ६०० घेतले तर सव्वीस आठवड्यांत खातं रिकामं. काम करून ४२० घेतले तर उरलेले १८० बुडत नाहीत, तसेच नावावर राहतात, आणि तीच रक्कम सदतीस आठवडे पुरते. क्लेम सुरू झाल्यापासून एक वर्षाच्या आत ती वापरायची असते. नोकरीचा बाजार मंद असताना हे अकरा आठवडे फार मोलाचे आहेत. त्यातच दर आठवड्याला घरात ६०० ऐवजी ७२० येतात, आणि ज्या आठवड्यात कमाई वर दिलेल्या अटीइतकी होते तो आठवडा पुढच्या क्लेमसाठी मोजला जातो. म्हणून आमचा सल्ला कायम हाच: काम मिळत असेल तर घ्या.

तासांची एक अट आहे. त्या कामात जितके तास पूर्णवेळ समजले जातात, त्याच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त तास त्या आठवड्यात केलेले नसावेत. चाळीस तासांचं काम असेल तर बत्तीसपर्यंत चालतं.

दर आठवड्याची नोंद: सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो

आठवडा संपला की ऑनलाइन सर्टिफाय करायचं असतं. कामाला उपलब्ध होता का, काम शोधलं का, एखादं काम नाकारलं का, काम केलं का आणि किती कमावलं, असे प्रश्न येतात. कमाई लिहिताना दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. ज्या आठवड्यात काम केलं त्या आठवड्याची कमाई लिहायची, चेक कधी हातात पडला त्याच्याशी संबंध नाही. आणि आकडा ग्रॉस लिहायचा, म्हणजे कर कापण्याआधीचा.

आता वरच्याच बाईंचं उदाहरण पुढे नेऊ. त्या किराणा दुकानात शनिवारी आठ तास आणि रविवारी आठ तास काम करतात, तासाला १६ डॉलर. म्हणजे दिवसाला १२८, आठवड्याला २५६. पगार दोन आठवड्यांनी होतो: ग्रॉस ५१२, कर कापून बँकेत जमा समजा ४५५. बरोबर पद्धतीने दोन्ही आठवड्यांना २५६ लिहिले तर प्रत्येक आठवड्याला ४६४, म्हणजे दोन आठवड्यांचे ९२८ डॉलर भत्ता मिळतो.

त्यांनी बँकेचा मेसेज पाहून एका आठवड्याला शून्य आणि दुसऱ्याला ४५५ लिहिले तर? पहिल्या आठवड्याला ६०० मिळतील, दुसऱ्याला २६५. एकूण ८६५. स्वतःचे ६३ डॉलर गेले, आणि वर पहिल्या आठवड्यात १३६ डॉलर जास्तीचे घेतल्याची नोंद लागली. लबाडीचा विचारही मनात नव्हता, तरी पैसेही गेले आणि नावही खराब झालं.

अजून एक बारीक गोष्ट. न्यू जर्सीत आठवडा रविवारी सुरू होतो आणि शनिवारी संपतो. म्हणजे एकाच वीकेंडचे शनिवार आणि रविवार दोन वेगळ्या आठवड्यांत पडतात. शिफ्ट दर वेळी सारखीच असेल तर आकडा तोच राहतो. पण एखाद्या रविवारी चारच तास केले, दिवाळीच्या शनिवारी बारा तास केले, की हिशोब हलतो. फ्रिजवर कॅलेंडर लावा आणि रोजचे तास त्या दिवसाच्या चौकोनात लिहा. पे-स्टबवर दोन आठवड्यांचे तास एकत्र येतात, त्यावरून हे फोडता येत नाही.

रोख मिळालेले पैसेही कमाईच आहेत. डब्यांचा व्यवसाय, शिकवण्या, लग्नातली मेंदी, ऊबर किंवा जेवण पोहोचवण्याचं काम, टिप्स, सगळं लिहायचं. मालक नवीन माणूस ठेवतो तेव्हा वीस दिवसांत सरकारला कळवतो आणि दर तिमाहीला प्रत्येकाचा पगार कळवतो. त्या याद्या भत्त्याच्या यादीशी ताडून पाहिल्या जातात. मुद्दाम खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर घेतलेली रक्कम परत करावी लागते, वर २५ टक्के दंड होतो आणि एक वर्ष भत्ता मिळत नाही. चुकून काही राहून गेलं असेल तर पत्र येण्याची वाट पाहू नका, स्वतःहून दुरुस्ती कळवा. त्यात आम्ही मदत करतो.

भारतात जाणार असाल तर

ज्या आठवड्यांत तुम्ही पुण्याला, नागपूरला किंवा मडगावला आहात त्या आठवड्यांत तुम्ही न्यू जर्सीत कामाला उपलब्ध नसता. आई आजारी असो की भावाचं लग्न, नियम तोच आहे. तिथून सर्टिफाय करू नका, आणि इथे राहणाऱ्या मित्राला पासवर्ड देऊन करवूनही घेऊ नका. तसं केलेल्या कुटुंबांना पुढे किती मनस्ताप होतो हे आम्ही जवळून पाहतो. ते आठवडे सोडून द्या. शिल्लक रक्कम नावावर राहते, परत आल्यावर क्लेम पुन्हा सुरू करता येतो.

काम शोधत राहणं

पार्ट-टाइम काम आहे म्हणून पूर्णवेळ नोकरीचा शोध थांबवता येत नाही. आठवड्याला किमान तीन ठिकाणी प्रयत्न करायचे आणि त्यांची नोंद ठेवायची: तारीख, कंपनी, कुणाशी बोललात. पार्ट-टाइम काम स्वतःहून सोडायचं असेल, किंवा मालक जास्त तास देतोय आणि तुम्हाला नको असतील, तर आधी आम्हाला विचारा. याचा भत्त्यावर परिणाम होतो.

कर

भत्त्यावर न्यू जर्सी राज्याचा कर नाही, फेडरल कर मात्र पूर्ण लागतो. सुरुवातीलाच सांगितलं तर १० टक्के कापून घेतात. जोडीदाराचा पगार चांगला असेल तर हे दहा टक्के सहसा पुरत नाहीत, आणि एप्रिलमध्ये भरायची रक्कम पाहून धक्का बसतो. आम्ही तरीही कपात सुरू करा म्हणतो, आणि जोडीदाराच्या पगारातली कपात थोडी वाढवून उरलेली भर काढतो. जानेवारीत १०९९-जी फॉर्म येतो, त्यात वर्षभरात मिळालेला भत्ता लिहिलेला असतो. तो पुष्कळदा ऑनलाइनच असतो, खात्यात जाऊन उतरवून घ्या.

न्यूयॉर्कमध्ये नोकरी होती?

क्लेम राहता त्या राज्यात नसतो, काम केलं त्या राज्यात असतो. जर्सी सिटीत घर आणि मॅनहॅटनमध्ये ऑफिस असेल तर क्लेम न्यूयॉर्कचा, आणि वरचा हिशोब लागू नाही. तिथे तास मोजतात: आठवड्याला दहा तासांपर्यंत भत्ता कापत नाहीत, पुढे टप्प्याटप्प्याने २५, ५० आणि ७५ टक्के कापतात, आणि तीस तासांच्या वर काहीच मिळत नाही. कमाईलाही वरची मर्यादा आहे. तिथला आठवडा सोमवारी सुरू होऊन रविवारी संपतो, त्यामुळे वीकेंड एकाच आठवड्यात येतो.

आमच्याकडे येताना

शेवटच्या दीड वर्षाच्या पे-स्टब किंवा डब्ल्यू-टू (मालकाकडून मिळणारा वर्षाच्या पगाराचा फॉर्म), लेऑफचं किंवा तास कमी केल्याचं पत्र, ईएडी किंवा ग्रीन कार्ड, आणि क्लेम सुरू असेल तर आलेली सगळी पत्रं आणा, न उघडलेली पाकिटंसुद्धा. अपिलाची मुदत पत्रावर छापलेली असते आणि ती थोडी असते, म्हणून भत्ता नाकारल्याचं पत्र असेल तर भेटीची वेळ ठरण्याची वाट पाहू नका, फोटो काढून त्याच दिवशी पाठवा.