जुन्या घरगुती संगणकांच्या पॉवर सप्लायची दुरुस्ती

जुन्या घरगुती संगणकांच्या पॉवर सप्लायची दुरुस्ती : १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९० च्या सुमारापर्यंत घरोघरी वापरल्या गेलेल्या संगणकांचे पॉवर सप्लाय (मेन्सची, म्हणजे घरातील पुरवठ्याची, वीज संगणकाला लागणाऱ्या कमी व्होल्टेजमध्ये बदलणारे भाग) तपासून, त्यांतील जीर्ण भाग बदलून ते पुन्हा सुरक्षित करण्याचे काम. जुना संगणक हाती आला की लगेच चालू करून पाहावासा वाटतो. हा मोह आवरलाच पाहिजे, कारण बिघडलेला सप्लाय नुसता बंद पडेल याची खात्री नसते. जाता जाता तो सहज न मिळणाऱ्या चिपाही जाळू शकतो.

याचे सर्वांत कुप्रसिद्ध उदाहरण म्हणजे कमोडोर ६४ (१९८२). त्याचा सप्लाय वेगळ्या डब्यात असतो आणि ५ व्होल्ट डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) व ९ व्होल्ट एसी (दिशा सतत बदलणारी वीज) देतो. अनेक डब्यांत आतले भाग इपॉक्सीत (कडक होणाऱ्या राळेत) गाडलेले असल्याने उष्णता कोंडते. कालांतराने रेग्युलेटर (व्होल्टेज ठरलेल्या पातळीवर ठेवणारा भाग) निकामी झाला, की ५ व्होल्टची पातळी वर चढते आणि मेमरी चिपा जळतात. आज मीटरवर बरोबर दिसलेला आकडा उद्या टिकेलच असे नाही. म्हणून असा डबा दुरुस्त करण्यापेक्षा बदलणेच योग्य. मात्र नव्या सप्लायमध्ये ९ व्होल्ट एसीच हवा, कारण संगणकातील वेळ मोजणारे घड्याळ त्याच्या वारंवारितेवर चालते.

झेडएक्स स्पेक्ट्रमचा (१९८२) बाहेरचा सप्लाय साधा, ९ व्होल्ट डीसीचा. खरी नाजूक जागा संगणकाच्या आत आहे. तेथील ७८०५ रेग्युलेटर जादा व्होल्टेज उष्णतेच्या रूपात सोडून ५ व्होल्ट देतो, तर एक छोटा कन्व्हर्टर (एका व्होल्टेजपासून दुसरे तयार करणारे सर्किट) ४११६ मेमरी चिपांसाठी +१२ व −५ व्होल्ट तयार करतो. −५ व्होल्ट गेला आणि +१२ राहिला, तर या चिपा खराब होतात. उलट चिप शॉर्ट झाली, तर कन्व्हर्टरचा ट्रान्झिस्टर जातो. त्यामुळे नुसता ट्रान्झिस्टर बदलून काम संपले असे मानू नये.

ॲपल २ (१९७७) आणि बहुतेक बीबीसी मायक्रोंमध्ये (१९८१) स्विचिंग सप्लाय (वीज अतिवेगाने चालू-बंद करून व्होल्टेज बदलणारा) आतच असतो. ॲपलचा सप्लाय कंपनीचे अभियंता रॉड होल्ट यांनी आखला. अशा सप्लायमध्ये मेन्सच्या बाजूला रिफा कंपनीचे कागदी कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) अनेकदा आढळतात. त्यांच्या पारदर्शक आवरणाला तडे जाऊन आत दमटपणा शिरतो आणि एके दिवशी दाट, उग्र धूर निघतो. तडा दिसो वा न दिसो, ते काढावेत. मात्र त्या जागी एक्स किंवा वाय वर्गाचा (हे मेन्सवर वापरायच्या कपॅसिटरचे सुरक्षा वर्ग), मूळ वर्गाचाच सुरक्षा कपॅसिटर बसवावा. साधा कपॅसिटर तेथे धोकादायक ठरतो.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (आत द्रव असलेले) मात्र आतून सुकतात, बाहेरून धडधाकट दिसले तरी. मग रिपल (डीसी व्होल्टेजमधील चढउतार) वाढतो. बदली कपॅसिटर १०५ अंश सेल्सिअसचे, कमी ईएसआरचे (अंतर्गत रोधाचे) घ्यावेत.

२३० व्होल्ट मेन्सवर मुख्य कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही उरू शकतात. ते योग्य रेझिस्टरमधून उतरवून, मीटरने खात्री केल्याशिवाय आत हात घालू नये. दुरुस्तीनंतर पहिली चाचणी संगणकाला न जोडता, पण डमी लोड (संगणकाऐवजी वीज खेचणारा भाग) लावून घ्यावी, कारण अनेक स्विचिंग सप्लाय लोडशिवाय नीट चालत नाहीत. सप्लाय तापल्यावर प्रत्येक व्होल्टेज पुन्हा मोजावे. सारे जागेवर असतील, तरच संगणक जोडावा.