अंगानं पुढं असलेला आणि खेळानं पुढं असलेला

मे महिन्याच्या क्रिकेट शिबिरात पहिल्या आठवड्यातच एखादे वडील नेटच्या मागं येऊन उभे राहतात आणि विचारतात, "सर, पोरगं पुढं जाईल का ओ?" बहुतेक वेळा ते पोरगं तेरा वर्षांचं असतं, गटात सगळ्यांत उंच असतं आणि आदल्या रविवारी त्यानं लाँग-ऑनवरून दोन चेंडू मैदानाच्या भिंतीपलीकडं घालवलेले असतात. प्रश्न मनापासूनचा असतो, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

तेरा-चौदाच्या वयात दोन वेगळ्या गोष्टी हुबेहूब सारख्या दिसतात: अंग लवकर भरणं आणि खेळ लवकर कळणं. स्कोअरबुकात दोघांच्याही नावापुढं सत्तर धावाच लिहिलेल्या असतात.

कोल्हापूरकराला हे समजायला तालमीत डोकावलं तरी पुरे. वस्ताद जोड लावताना वजन बघतो. चाळीस किलोच्या पोरासमोर साठ किलोचं पोरगं उभं केलं आणि त्यानं पाठ लावली, तर त्याला डाव जास्त येतात असं कुणी म्हणत नाही. क्रिकेटमध्ये मात्र जोड वयावर लागते. गटासाठी 1 सप्टेंबर ही तारीख धरतात, म्हणजे सप्टेंबरात जन्मलेलं पोरगं आणि पुढच्या ऑगस्टात जन्मलेलं पोरगं एकाच गटात येतं, दोघांत जवळपास वर्षाचं अंतर. त्यात प्रत्येकाची वाढ आपल्या वेळेनं होते. बीसीसीआय सोळा वर्षांखालच्या मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासतं, पण त्या मर्यादेत बसलेल्या मुलांतही कुणाची मिसरूड फुटलेली असते, कुणाचा आवाजही फुटलेला नसतो.

अंगानं पुढं असलेल्या पोराला या वयात चुका माफ असतात. पाय हलला नाही तरी हात पोचतात. चेंडू बॅटच्या टोकाला लागला तरी मिडविकेटच्या डोक्यावरून जातो. मॅटच्या खेळपट्टीवर उसळी सरळ येते आणि गोलंदाजही पोरंच. ढोबळ हिशेब सांगतो. नव्वद किलोमीटरच्या वेगानं आलेला चेंडू बॅटपर्यंत यायला पाऊण सेकंदाच्या आसपास लागतो. रणजीच्या दर्जाचा गोलंदाज एकशे तीसनं टाकतो, तेव्हा हातात अर्धा सेकंद उरतो. तेरा वर्षांच्या पोराला तो जास्तीचा पाव सेकंद मिळतो, आणि त्यातच त्याची चूक लपते. सतराव्या वर्षी बाकीची पोरं उंचीनं बरोबरीला येतात, चेंडू जोरात यायला लागतो. मग घरचे म्हणतात, "फॉर्म गेला." फॉर्म गेलेला नसतो, चूक पहिल्यापासूनचीच असते. फक्त आता ती झाकली जात नाही.

ओळखायचं कसं? मी नेट संपल्यावर पोरांच्या बॅटी हातात घेऊन बघतो. लेदरच्या चेंडूचे लाल ठसे खोटं बोलत नाहीत. उंच पोराच्या बॅटवर ठसे सगळीकडं: टोकाला, बाहेरच्या कडेला, दोन तर मुठीजवळच्या स्टिकरवर. गेल्या वर्षी एक किरकोळ अंगाचं पोरगं होतं, पॅड त्याच्या मांडीपर्यंत यायचे. त्याची बॅट बघितली तर टोकापासून चार-पाच बोटं वर तळहाताएवढा एकच लाल डाग, बाकी लाकूड जवळजवळ कोरं. रविवारच्या मॅचमध्ये त्याच्या बावीस धावा झाल्या होत्या आणि त्याचे वडील चहाच्या गाड्याजवळ गप्प उभे होते. त्यांना मी ती बॅट नेऊन दाखवली.

दुसरी खूण सोडलेल्या चेंडूत असते. ऑफ स्टंपच्या बाहेरचा चेंडू पोरगं बघून सोडतं की भिऊन सोडतं, की सोडतच नाही? चुकल्यावर ते बॅटकडं बघतं की आपल्या पायाकडं? खेळ कळलेलं पोरगं पायाकडं बघतं.

दोन्ही गोष्टी एकाच पोरात असू शकतात, हे मुद्दाम सांगतो. उंच पोराला "नुसता ताकदीवर मारतो" म्हणून बाजूला काढणं हा तितकाच मोठा अन्याय आहे.

आणि खेळानं पुढं असलेला तरी शिखरावर पोचतोच का? आपल्याच गावचे भाऊसाहेब निंबाळकर आठवा. डिसेंबर 1948 मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध ते नाबाद 443 वर होते. ब्रॅडमनच्या नाबाद 452 या तेव्हाच्या विश्वविक्रमापासून नऊ धावांवर. मध्यंतरानंतर काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांचा संघ मैदानात उतरलाच नाही. रणजीतली ती सर्वोच्च खेळी आजही त्यांच्याच नावावर आहे, पण त्यांना अधिकृत कसोटी एकही मिळाली नाही. मुंबईच्या अमोल मुझुमदारांनी प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा केल्या, त्यांनाही भारताकडून खेळायला मिळालं नाही. दोघांच्या खेळात कमी होतं असं कोण म्हणेल? निवड हातातली नसते. म्हणून "इंडिया खेळंल का" याला मी कधीच हो म्हणत नाही, "बॅटिंग येते का" याला म्हणतो.

उंच पोरांच्या वडलांना मी एकच सांगतो: महिनाभर त्याला मोठ्या पोरांच्या नेटला पाठवा आणि धावा मोजू नका. लहान चणीच्या पोरांच्या वडलांना सांगतो, सतरापर्यंत किट विकू नका आणि वजनदार बॅट घेऊ नका.

भिंतीपलीकडं चेंडू घालवणाऱ्या त्या पोराला वडलांनी खरंच पाठवलं. पहिले आठ-दहा दिवस त्याचा स्टंप रोज उडायचा, एकदा तर ते पॅड न सोडता झाडाखाली जाऊन बसलं. मग एका संध्याकाळी मोठ्या पोरानं चांगला जोरात, ऑफ स्टंपच्या वीतभर बाहेर चेंडू टाकला. यानं पाय पुढं नेला, बॅट वर उचलली आणि चेंडू जाऊ दिला. वडील नेटच्या मागंच होते. त्यांना वाटलं, हुकला.